सहा नगांच्या ऑर्डरवर तीस वर्षांची फ्रिगेट

प्रति,
युद्धनौकांच्या सुट्या भागांची खरेदी ठरवणारे सर्व अधिकारी

महोदय / महोदया,

जुन्या फ्रिगेट (मध्यम आकाराच्या युद्धनौका) नौकांना लागणाऱ्या रबरी आणि सीलिंग, म्हणजे गळती रोखणाऱ्या, भागांच्या वेगवेगळ्या मागण्या यापुढे निघणार नाहीत, त्या सगळ्या एका मोठ्या पॅकेजमध्ये घालून एकाच पुरवठादाराकडून घेतल्या जातील, असे आम्हा काही लघुउद्योजकांना नुकतेच कळवण्यात आले. पॅकेजसाठी उलाढालीची अट अशी आहे की ठाणे-बेलापूर पट्ट्यातला माझ्या ओळखीचा एकही रबर मोल्डिंगवाला तिच्या आसपास पोहोचत नाही. वर मूळ परदेशी उत्पादकाचे अधिकारपत्रही हवे. हा निर्णय कोणत्या कार्यालयाचा, ते मी इथे लिहीत नाही. ज्यांनी घेतला त्यांना ठाऊक आहे, आणि उद्या दुसरे कार्यालय हाच कित्ता गिरवील, म्हणून पत्र सगळ्यांनाच लिहिते आहे. जाहीरपणे लिहिण्याचे कारण एवढेच की आमच्या लेखी हरकतीला ‘नोंद घेतली’ यापलीकडे उत्तर आले नाही.

आधी एक खुलासा. या पत्रात एकही ड्रॉइंग क्रमांक नाही, आणि कोणता भाग कोणत्या नौकेवर कुठे बसतो तेही नाही. नौकांबद्दल जे लिहिले आहे ते सगळे यापूर्वीच जाहीर झालेले आहे. गुप्ततेचा मुद्दा काढून पत्र बाजूला सारता येणार नाही, याची काळजी घेतली आहे.

माझा गाळा रबाळे एमआयडीसीत आहे. सासऱ्यांनी धंदा वागळे इस्टेटमध्ये एका भाड्याच्या शेडमध्ये सुरू केला, जागा अपुरी पडू लागली तेव्हा खाडी ओलांडून इकडे आले. आम्ही ओ-रिंग (गोल रबरी कडी), गॅस्केट, बेलो (घडीदार रबरी नळी) आणि यंत्राखाली बसणारे, धातूला रबर चिकटवलेले माउंट बनवतो. घर चालते ते पंप बनवणाऱ्यांच्या आणि औषध कारखान्यांच्या कामावर. नौकांचे काम हा आमच्या धंद्याचा लहानसा भाग. हे मुद्दाम सांगते, म्हणजे ‘पोटावर पाय आला म्हणून बाई ओरडतेय’ असे कुणी म्हणायला नको. हे काम उद्या थांबले तर गाळ्याला कुलूप लागणार नाही. मात्र या कामासाठी वर्षानुवर्षे जपलेले साचे भंगारात जातील, आणि एकदा गेलेले साचे सहा नगांच्या ऑर्डरसाठी कुणी पुन्हा बनवत नाही.

थोडा मागचा इतिहास. आपल्याला तो पाठ असणार, पण पत्र इतरही वाचणार आहेत.

माझगाव डॉकमध्ये बांधलेली पहिली नीलगिरी 23 ऑक्टोबर 1968 रोजी पाण्यात उतरली आणि 3 जून 1972 रोजी नौदलात आली. आराखडा ब्रिटिशांच्या लिअँडर वर्गाचा. तिच्यामागून हिमगिरी, उदयगिरी, दुनागिरी, तारागिरी आणि 1981 मध्ये विंध्यगिरी. कागदावर एकच वर्ग, पण बांधता बांधता सुधारणा होत गेल्या. तारागिरी आणि विंध्यगिरीमध्ये तर मोठे सी किंग हेलिकॉप्टर ठेवता यावे म्हणून बरेच बदल झाले. वर्गाचे नाव सारखे म्हणजे सुटे भागही सारखे, असे धरून चालणारा माणूस पहिल्याच खेपेला तोंडघशी पडतो.

पुढे गोदावरी (1983), गंगा (1985) आणि गोमती (1988) आल्या. वाफेची यंत्रणा लिअँडरच्या वळणाची, क्षेपणास्त्रे सोव्हिएत, हेलिकॉप्टर ब्रिटिश. एकाच नौकेवर इंच आणि मिलिमीटर शेजारी शेजारी. आमच्या सासऱ्यांच्या मोजमापाच्या खणात दोन्ही पट्ट्या असत त्या यामुळेच. कोलकात्यात बांधलेल्या ब्रह्मपुत्रा, बेतवा आणि बियास 2000 ते 2005 या काळात दाखल झाल्या, त्याही वाफेवरच्या. त्यांतल्या बियासचे वाफेचे इंजिन काढून डिझेल बसवण्याचा 313.42 कोटी रुपयांचा करार ऑक्टोबर 2023 मध्ये कोचीन शिपयार्डशी झाला. वाफेची यंत्रणा जाणणारी माणसे आणि तिचे भाग, दोन्ही मिळेनासे होत चालले, हे त्यामागचे एक कारण असावे असा माझा तर्क आहे.

आता तलवार वर्ग. नोव्हेंबर 1997 मध्ये रशियाशी करार झाला. तलवार, त्रिशूल आणि तबर सेंट पीटर्सबर्गमध्ये बांधल्या गेल्या आणि 2003-04 मध्ये दाखल झाल्या. तेग, तरकश आणि त्रिकंद कॅलिनिनग्राडमध्ये बांधल्या आणि 2012-13 मध्ये आल्या. पहिल्या तिघींवर क्लब क्षेपणास्त्रे, नंतरच्या तिघींवर ब्रह्मोस. जवळच्या बचावाच्या तोफाही वेगळ्या. इथेही वर्ग एक, भाग वेगळे. सांगाडा रशियाचा, पण गॅस टर्बाइन युक्रेनमधल्या मिकोलाइव्हच्या झोर्या-मॅशप्रोएक्ट कारखान्याची. सोव्हिएत संघात जहाज एका गावात आणि त्याचे इंजिन दुसऱ्या गावात बनत असे, मध्ये सीमा नव्हती. 2014 नंतर युक्रेनने रशियाला टर्बाइन देणे बंद केले. रशियाच्या स्वतःच्या, याच घराण्यातल्या फ्रिगेट इंजिनाविना अडकून पडल्या. त्यांतलेच दोन सांगाडे आपण घेतले, टर्बाइन युक्रेनकडून विकत घेऊन रशियाकडे पोहोचवल्या, आणि त्यातून तुशील (9 डिसेंबर 2024) आणि तमाल (1 जुलै 2025) उभ्या राहिल्या. याच कुळातल्या त्रिपुट आणि तवस्या गोव्यात बांधल्या जात आहेत.

आणि कुणाला वाटेल की अडचण फक्त पूर्वेकडूनच येते, तर 2009 आठवावे. शिवालिक ही फ्रिगेट माझगाव डॉकमध्ये तयार होत असताना तिच्या एलएम-2500 टर्बाइनचे काम थांबवा, असे अमेरिकी सरकारने स्वतःच्या देशातल्या कंपनीला सांगितले होते. परवानगी नंतर मिळाली, पण ज्याच्या हातात भाग त्याच्या हातात वेळापत्रक, हे तेव्हा दिसले.

आता जरा हिशेब करू. गोदावरी 1983 ते 2015, गोमती 1988 ते 2022, जुनी तारागिरी 1980 ते 2013. फ्रिगेट आपल्याकडे 32 ते 34 वर्षे राबते. त्या हिशेबाने 15 जानेवारी 2025 रोजी मुंबईत दाखल झालेली नवी नीलगिरी 2057 ते 2059 पर्यंत समुद्रावर असेल, तमालही जवळपास तोवरच. तोपर्यंत मी नसेन, आपणही निवृत्त झालेले असाल. तिच्या पंपाच्या सीलचा साचा कुणाच्या कपाटात असेल, हा प्रश्न आजच विचारायला हवा.

हा प्रश्न रबराच्या बाबतीत सर्वांत अवघड होतो. पॅकेज ठरवणाऱ्यांनी नेमके हेच लक्षात घेतलेले दिसत नाही, म्हणून इथे थोडे सविस्तर लिहिते.

पोलादी शाफ्ट, पितळी बुश, झडपेची बैठक हे भाग तेल लावून, गुंडाळून ठेवले तर वीस वर्षांनीही कामाला येतात. जहाजाबरोबरच दोन जोड घेऊन ठेवले की निदान काही काळ निभावते. रबराचे तसे नाही. घरी कुकरची जादा आणून ठेवलेली रिंग काही वर्षांनी काढली तर न वापरताच कडक झालेली असते. नौकेच्या सीलचेही तेच होते. साठवणुकीच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे, म्हणजे आयएसओ 2230 प्रमाणे, बंद पाकिटात नीट ठेवलेले नैसर्गिक रबर 5 वर्षे, नायट्राइल 7 वर्षे आणि विटॉन 10 वर्षे धरतात (ही दोन्ही कृत्रिम रबरे). तपासणीत टिकले तर थोडी मुदतवाढ. तीही थंड, अंधाऱ्या आणि ओझोनपासून दूर असलेल्या जागी. गोदामात शेजारी ठिणग्या पाडणारी विजेची मोटर चालू असेल तर तिच्या ओझोननेही रबराला भेगा पडतात.

म्हणजे 33 वर्षे चालणाऱ्या नौकेसाठी रबरी भाग एकदाच घेऊन ठेवता येत नाहीत. ते दर काही वर्षांनी ताजे बनवावे लागतात, आणि त्यासाठी बनवणारा जिवंत असावा लागतो. त्याच्याकडे साचा हवा, रबराची कृती हवी, आणि ती कृती समजणारा माणूस हवा. आपण जो साठा करायचा तो भागांचा नव्हे, या क्षमतेचा. पॅकेजची कल्पना नेमकी याच क्षमतेच्या मुळावर उठते, माझे म्हणणे एवढेच आहे. खालच्या तक्रारी त्याचीच फोड.

पहिली तक्रार अर्थातच पॅकेजबद्दल. उलाढालीची अट लावली की उरतात कोण? मोठे कारखाने असल्या फुटकळ कामाला हात लावत नाहीत. उरतात व्यापारी. व्यापारी ऑर्डर घेतो आणि रबाळे, पवणे, तुर्भे किंवा अंबरनाथच्या एखाद्या गाळ्यात माल बनवून घेतो, कित्येकदा आमच्याच प्रेसवर, म्हणजे साचा दाबून तापवणाऱ्या यंत्रावर. मध्ये एक बिल वाढते आणि भागाचा माग पुसला जातो. कोणत्या बॅचचे कंपाउंड (रसायने मिसळलेले कच्चे रबर), कोणत्या महिन्यात शिजवले, म्हणजे साच्यात तापवून पक्के केले, चाचणी कुणी केली, हे व्यापाऱ्याच्या कागदावर त्याला हवे तसे येते. त्याचा माल पत्र्याच्या गोदामात एप्रिल-मे काढतो तेव्हा साठवणुकीच्या मानकातली 25 अंशांची मर्यादा कोण पाहते? भाग गळला तर आपण कुणाला विचारणार? तो म्हणणार बनवणाऱ्याला विचारा, आणि बनवणाऱ्याचे नाव आपल्या दप्तरात कुठेच नसणार.

अधिकारपत्राच्या अटीवर तर हसावे की रडावे कळत नाही. ब्रिटिश वळणाच्या यंत्रांचे कित्येक मूळ उत्पादक विकले गेले, विलीन झाले किंवा बंद पडले. युक्रेनच्या कारखान्याचे शहर 2022 पासून युद्धाच्या छायेत आहे. त्यांच्याकडून नवी मुंबईतल्या गाळेवाल्याने पत्र आणायचे, तेही एका ओ-रिंगसाठी, जिची मापे रशियन मानकाच्या तक्त्यात छापलेली आहेत!

दुसरी तक्रार नमुन्यांची. ड्रॉइंग नसले की आम्हाला नमुना दिला जातो, आणि नमुना म्हणजे नौकेवरून काढलेला जुना भाग. तो वर्षानुवर्षे दाबाखाली राहून चपटा झालेला असतो, तेल पिऊन फुगलेला असतो किंवा उष्णतेने आकसलेला. त्याची मापे घेऊन नवा बनवला तर आपण बिघडलेल्या भागाची हुबेहूब नक्कल करतो. सीलचे खरे माप त्याच्या अंगावर नसते, ते ज्या खाचेत बसते त्या खाचेत असते. खाचेची रुंदी, खोली, शाफ्टचा व्यास, मधली फट, दाब, तापमान आणि कोणते तेल किंवा पाणी लागते एवढी माहिती दिली तर निम्म्या वेळा नमुन्याची गरजच पडत नाही. नौका दुरुस्तीसाठी उभी असते, पंप खोललेला असतो, तेव्हा एका तासात ही मापे मिळतात. मागितली की उत्तर येते, ‘नमुन्याप्रमाणे द्या.’

यात पदार्थाचा घोळ वेगळाच. जुन्या कागदावर ‘तेलरोधक रबर’ एवढेच लिहिलेले. नायट्राइलमध्येही अॅक्रिलोनायट्राइलचे प्रमाण वाढवले की तेलाला ते जास्त टिकते पण थंडीत कडक होते. कमी केले की उलट. कोणते हवे ते बसणाऱ्या जागेवर ठरते. एखाद्या वेळी कुणीतरी सांगते, नायट्राइल टिकत नाही, विटॉन द्या, साचा आहेच तुमच्याकडे. साचा आहे, पण नायट्राइल साच्यातून निघाल्यावर साधारण दीड-दोन टक्के आकसते आणि विटॉन तीनच्या आसपास. त्याच साच्यातून विटॉन काढले तर भाग लहान निघतो. नवा साचा करावा लागतो, आणि त्याचा खर्च कुठल्याच रकान्यात बसत नाही.

त्यावरून तिसरी तक्रार, नगांची. ऑर्डर येते ती एका मापाचे सहा, दुसऱ्याचे अकरा अशी. साच्याचे पोलाद, त्याचे मशिनिंग, पॉलिश हा खर्च सहा नग असोत की सहा हजार, तेवढाच. कंपाउंडची बॅचही मुठीएवढी निघत नाही. रबर मिसळण्याच्या मिलवर काही किलो तरी घ्यावे लागते, आणि शिजवण्याची रसायने मिसळली की कच्चे कंपाउंडही फार दिवस टिकत नाही. उरलेले फेकायचे. मग दर ठरवताना तुलना होते बाजारात हजारांनी मिळणाऱ्या रिंगशी, आणि आम्ही महाग ठरतो. ज्याने स्वस्तात भरले त्याने काय केले, हे धंद्यातल्या माणसाला दर वाचूनच कळते: रबर कमी, भरताड जास्त. कडकपणा मोजला तर तोही बरोबर येतो, कारण शोअर मीटरला भरताड दिसत नाही. तो भाग दाबून, तापवून, सोडल्यावर किती परत उसळतो ही चाचणी केली तरच पितळ उघडे पडते. ती चाचणी प्रत्येक ऑर्डरला मागा, आमची हरकत नाही, उलट आग्रह आहे. पण ती न मागता फक्त किमान दर पाहायचा, हे चालणार नाही.

माउंटबद्दल वेगळे लिहायलाच हवे, कारण पॅकेजमध्ये ते ‘इतर रबरी वस्तू’ या रकान्यात गेले आहेत. फ्रिगेटच्या मोठ्या कामांपैकी एक पाणबुडी शोधणे. डिझेल जनित्रे, पंप, कॉम्प्रेसर रबरी माउंटवर बसवतात ते त्यांचा कंप सांगाड्यात उतरू नये म्हणून. सांगाड्यात उतरलेला कंप पाण्यात जातो, आणि पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपटीहून जास्त वेगाने आणि कितीतरी दूर जातो. समोरच्या पाणबुडीला तो ऐकू येतो, आणि आपल्या सोनार यंत्रणेलाही (पाण्याखालचे आवाज टिपणारे उपकरण) आपल्याच गोंगाटातून ऐकावे लागते. आता गंमत अशी की म्हातारा झालेला माउंट तुटत नाही, गळत नाही, दिवा लावून सूचना देत नाही. तो फक्त कडक होतो. त्यामुळे मागणीच्या यादीत तो कायम शेवटी. असा माउंट बनवताना पोलादी पट्टी किती स्वच्छ केली, चिकटद्रव्य किती वेळात लावले, यावर त्याचे आयुष्य ठरते. खारे पाणी जोडाच्या कडेतून आत शिरले की महिन्यांत रबर सुटते. त्याची परीक्षा भार किती दिला की किती दबतो या आलेखावर होते. ‘नमुन्याप्रमाणे, रंग काळा’ एवढ्या वर्णनावर माउंट मागवणे मला, देशाची नागरिक म्हणून, भीतीदायक वाटते.

तपासणी आणि पैशांबद्दल थोडक्यात. मालाचे निदान अमुक इतके आयुष्य शिल्लक असावे अशी अट असते, ती रास्त आहे. पण तपासणीची तारीखच मिळत नाही, माल आमच्याकडे पडून राहतो आणि त्याचे वय वाढल्याबद्दल तो नाकारला जातो. 2006 च्या कायद्याने लघुउद्योगाचे पैसे फार तर 45 दिवसांत द्यायचे असतात, आणि माल मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी हरकत नसेल तर तो स्वीकारला असे धरायचे असते. उशिरा झाले तर व्याजही मागता येते. मागत कुणी नाही, कारण पुढची ऑर्डर त्याच टेबलावरून यायची असते. हे आपल्याला माहीत आहे, आम्हालाही आहे, यापेक्षा जास्त लिहीत नाही.

नियम वाईट आहेत असे माझे म्हणणे नाही. ऑगस्ट 2020 मध्ये संरक्षण मंत्रालयाचे सृजन पोर्टल आले, आयात होणाऱ्या वस्तूंच्या याद्या आमच्यासारख्यांना पहिल्यांदा घरबसल्या दिसल्या. सरकारी खरेदीतला 25 टक्के वाटा सूक्ष्म आणि लघु उद्योगांचा, त्यात 3 टक्के महिलांच्या उद्योगांचा, हे धोरण आहे. 1 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या संरक्षण खरेदीच्या नव्या नियमपुस्तिकेत तर देशी बनावटीचा भाग विकसित होत असताना दंड नाही आणि पाच वर्षांपर्यंत ऑर्डरची हमी देता येईल, अशी सोय केली आहे. वाचून बरे वाटले. आणि त्याच सुमारास हे पॅकेजचे पत्र हाती पडले! वर एक हात देतो आणि खाली दुसरा काढून घेतो, असे कसे?

या पट्ट्यातली हवाही लक्षात घ्या. ऐरोली, रबाळे, महापे इथे जागेला सोन्याचा भाव आहे. जुने कारखाने पाडून तिथे डेटा सेंटर उभी राहत आहेत. आमच्या गल्लीतला फोर्जिंगवाला गेला, पॅटर्न बनवणारे गेले. साचे पॉलिश करणारा कारागीर शोधायला आता भिवंडी किंवा तळोज्याकडे जावे लागते. मुलांना यात रस नाही, आणि मी त्यांना दोष देत नाही. सहा नगांच्या ऑर्डरसाठी साचा सांभाळण्यापेक्षा गाळा भाड्याने देणे केव्हाही फायद्याचे. तरी काही जण अजून टिकून आहेत. त्यांना पॅकेजच्या अटीने दाराबाहेर काढले की ते परत येणार नाहीत. नव्या नीलगिरी वर्गात 75 टक्के देशी सामग्री आहे असे सांगितले जाते आणि ते कौतुकाचेच आहे. पण ही टक्केवारी जहाज बांधतानाची. वीस वर्षांनी तिच्यात बदललेल्या भागांपैकी देशी किती, ते आजच्या खरेदीवर ठरणार आहे.

आमच्या मागण्या अशा.

रबरी आणि सीलिंग भाग मोठ्या पॅकेजमधून वेगळे काढावेत. पॅकेज करायचेच असेल तर पदार्थ आणि प्रक्रियेप्रमाणे लहान गट करावेत: ओ-रिंग आणि मोल्डेड सील एकीकडे, माउंट दुसरीकडे, बेलो तिसरीकडे. उलाढालीऐवजी प्रेस, प्रयोगशाळा आणि पूर्वीच्या पुरवठ्याची नोंद पाहावी. माल बनवणाऱ्यालाच भाग घेता यावा. व्यापारी असेल तर प्रत्यक्ष बनवणाऱ्याचे नाव, बॅच आणि शिजवल्याची तारीख पाकिटावर सक्तीची करावी.

मूळ उत्पादकाचे अधिकारपत्र फक्त तिथेच मागावे जिथे तो उत्पादक चालू आहे आणि भाग खरोखर त्याच्या मालकीच्या रचनेचा आहे. प्रमाणित मापांच्या रिंगला ही अट नको.

साच्याचा खर्च वेगळा द्यावा आणि साचा आपल्या मालकीचा करून घ्यावा. आम्ही तो सांभाळू, त्यावर आपला शिक्का मारू, आम्ही धंदा बंद केला तर आपल्या ताब्यात देऊ. यापेक्षा साधी गोष्ट मला तरी सुचत नाही. आज साचा आमचा असल्यामुळे गाळा विकला की साचाही जातो, आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून विकास.

भाव पाच वर्षांच्या करारावर ठरवावेत, नग दरवर्षी थोडे घ्यावेत. रबर ताजे मिळेल, आपल्या गोदामात मुदत संपलेला माल साचणार नाही, आणि कंपाउंडची बॅच वाया जाणार नाही. नव्या नियमपुस्तिकेने दिलेली सोय हीच आहे, ती वापरावी.

नौका दुरुस्तीला उभी असताना खाचांची मापे घेण्यासाठी परवाना असलेल्या उत्पादकाचा एक माणूस आत येऊ द्यावा, किंवा आपल्याच कारागिरांकडून ती मापे घेऊन एका ठरावीक तक्त्यात द्यावीत. प्रत्येक नौकेचा तक्ता वेगळा ठेवावा, वर्गाचा नव्हे. तलवार आणि त्रिकंद एका कागदावर बसवू नका.

माउंटसाठी भार आणि दबणे यांचा आलेख, चिकटजोडाची चाचणी आणि बदलण्याचे ठरलेले वय, या तीन गोष्टी मागणीपत्रात असाव्यात. या चाचण्यांनी आमचा खर्च वाढेल. तो दरात धरावा.

तपासणीची विनंती आल्यावर तारीख देण्याची मुदत बांधून घ्यावी, आणि उशीर आपल्याकडून झाला तर तेवढे दिवस मालाच्या वयात धरू नयेत.

आणि शेवटची: पॅकेजची निविदा उघडण्याआधी या पट्ट्यातल्या उत्पादकांना एकदा समोर बसवून ऐकावे. मुंबईत बोलवा, आम्ही येऊ. रबाळ्याला आलात तर प्रेस चालू असताना दाखवू. कोणते भाग कुणाकडे बनतात, कुणाकडे कोणते साचे आहेत, याची यादी आम्ही सात-आठ जणांनी मिळून केली आहे. ती या पत्राबरोबर छापता येण्यासारखी नाही, आपल्याला हातात देऊ.

नौकांच्या कामाचे आमचे साचे तेल लावून रॅकवर ठेवलेले आहेत. निविदा उघडेपर्यंत ते तिथेच राहतील. अटी बदलल्या नाहीत तर त्यानंतर तो रॅक मला पंपवाल्यांच्या कामाला लागणार आहे, आणि साचे ज्यांना हवे असतील त्यांनी पोलादाच्या वजनाच्या भावाने घेऊन जावेत, असे मी हा निर्णय घेणाऱ्या कार्यालयाला लेखी कळवले आहे.

आपली,
रबाळे एमआयडीसीतील एक रबर मोल्डिंग उद्योजिका